भाऊंची राजीखुशी

दस्त लिहून देणारा माणूस कधी नाराज नसतो. निदान कागदावर तरी नसतो. जालन्याच्या दुय्यम निबंधक कार्यालयातून बाहेर पडणारा कुठलाही दस्त घ्या आणि शेवटचं पान उघडा : 'सदर लेख मी राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दबावास बळी न पडता, नशापाणी न करता लिहून दिला असे.' इतका आनंदी, इतका सावध आणि इतका निर्व्यसनी समाज त्या इमारतीच्या बाहेर कुठेही सापडत नाही. तीच माणसं पाच मिनिटांनी समोरच्या टपरीवर भेटतात तेव्हा त्यांची राजीखुशी संपलेली असते, अक्कलहुशारी वकिलाकडे जमा असते, आणि नशापाण्याचा विचार नुकताच सुरू झालेला असतो.

बरीच वर्षं असे कागद वाचून माझा एक समज झाला आहे. ही ओळ जितकी लांब, तितका दबाव मोठा. दुकानाचा गाळा भाड्याने देणारा 'राजीखुशीने' एवढ्यावर भागवतो. बहिणीच्या हक्कसोडपत्राला मात्र चारही विशेषणं अपुरी वाटतात, म्हणून टंकलेखक आपल्या पदरचं 'स्वसंतोषाने' घालतो. त्याचे वेगळे पैसे घेत नाही.

आता भाऊंची गोष्ट. नाव सांगत नाही, कारण भाऊ म्हणजे कुणी एक माणूस नव्हे. कुंडलिका नदीच्या अलीकडच्या जुन्या जालन्यात आणि पलीकडच्या नव्या जालन्यात गल्लीगणिक एक भाऊ आहे, त्या सगळ्यांची मी एकच मूर्ती केली आहे. ताई त्यांना भाऊ म्हणते, मिलमधला मुकादम भाऊ म्हणतो, आणि त्यांचे दोन्ही वकीलही भाऊच म्हणतात, फीचा विषय निघेपर्यंत. वकील दोन, कारण दावे दोन. दिवाणी न्यायालयात ताईनं लावलेल्या दाव्यात भाऊ प्रतिवादी आहेत. कामगार न्यायालयात मिलविरुद्ध ते स्वतः अर्जदार आहेत. दोन्ही तारखा एकाच दिवशी आल्या की सकाळी अकराला भाऊ जुलमी असतात आणि दुपारी अडीचला पीडित. मधल्या वेळात जेवतात.

आधी सकाळचं सांगतो.

वडिलोपार्जित शेत बदनापूर तालुक्यातलं. मोसंबी लावली होती, दुष्काळानं ती जळाली, मग कपाशी. 'जालना सोने का पालना' ही म्हण भाऊंच्या शेतानं कधी मनावर घेतली नव्हती. वडील गेल्यावर भाऊ ताईला म्हणाले, "ताई, त्या खडकाळ रानात तुझं नाव ठेवून तुला काय मिळणार? उगं माझ्या पीककर्जाला दर साली तुझी सही लागंल. तुला तिकडून यावं लागंल." बहिणीच्या प्रवासाची भावाला एवढी काळजी आपल्याकडे फक्त सातबाऱ्याच्या संदर्भातच वाटते. ताई आली, अंगठा यंत्रावर टेकवला, कॅमेऱ्याकडे बघून फोटो दिला. भावाच्या नावानं वडिलोपार्जित मिळकतीवरचा हक्क विनामोबदला सोडायचा तर तेव्हा 200 रुपयांचा मुद्रांक पुरत असे. 2024 च्या ऑक्टोबरात सरकारनं त्याचे 500 केले, तेव्हा आमच्या गल्लीत हळहळ झाली. बहीण महाग झाली असं कुणी म्हणालं नाही, मुद्रांक महाग झाला असंच सगळे म्हणाले.

त्या दिवशी भाऊंनी ताईला साडी घेतली. दस्तात 'विनामोबदला' असल्यामुळे साडीचा उल्लेख कुठेच नाही. भाऊंच्या वकिलाला नंतर याचं वाईट वाटलं. साडीची पावती असती तर निदान प्रेम तरी सिद्ध करता आलं असतं.

मग फेरफार. नोंद मंजूर होण्याआधी हितसंबंधितांना नोटीस जाते आणि हरकतीला पंधरा दिवस मिळतात. नोटीस ताईच्या नावानं निघाली, पण पत्ता माहेरचा. ती भाऊंच्या घरी आली, वहिनींनी सही करून घेतली, आणि ताईची काही हरकत नाही असं ताईच्या भावजयीच्या मौनावरून ठरलं. महसूल खात्याला या नात्यातलं मौन किती बोलकं असतं याची कल्पना नसावी.

आणि मग समृद्धी महामार्ग आला. जालना आणि बदनापूर या दोन्ही तालुक्यांतून तो जातो. खडकाळ रानात मोजणीवाले आले, खुणा रोवल्या, आणि बाजारभावाच्या पाचपट दरानं खरेदी सुरू झाली. त्या वर्षी आमच्याकडे कितीतरी बहिणींना माहेरची आठवण आली आणि तितक्याच भावांना बहिणींचा पत्ता विसरायला झाला. ताईला खबर वर्तमानपत्रातून नव्हे, भाऊंच्या दारातल्या नव्या गाडीवरून लागली.

इथून पुढे कायदा येतो. तो आला की आपल्याकडे घरातली जुनी ट्रंक उघडते. महाराष्ट्रानं मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांच्या बरोबरीनं हक्क दिला तो 22 जून 1994 पासून, पण त्या तारखेआधी लग्न झालेल्या मुली वगळून. म्हणून भाऊंनी आधी ताईची लग्नपत्रिका शोधली. तारीख सोयीची निघाली. भाऊ खूष. मग ताईच्या वकिलानं 2005 चा केंद्राचा कायदा दाखवला, त्यात लग्नाची भानगडच नाही. भाऊ म्हणाले, तेव्हा वडील कुठं राहिले होते? त्यावर 11 ऑगस्ट 2020 चा सर्वोच्च न्यायालयाचा विनीता शर्मा निकाल समोर आला : मुलीचा हक्क जन्मानं येतो, 2005 साली वडील हयात असण्याची गरज नाही. एका लग्नपत्रिकेवर किती भार टाकावा याला मर्यादा असते.

एकच वाट उरली होती, ती म्हणजे जुनी वाटणी. 20 डिसेंबर 2004 च्या आधी झालेल्या वाटण्यांना या कायद्यानं हात लावलेला नाही. ही तारीख कळल्यापासून मराठवाड्यातल्या अनेक घरांत 2003 साली लिंबाच्या झाडाखाली तोंडी वाटणी झाल्याचं लोकांना लख्ख आठवू लागलं. भाऊंनाही आठवलं. झाड आठवलं, पंच आठवले, पंचांनी घेतलेला चहाही आठवला. सर्वोच्च न्यायालयानं मात्र त्याच निकालात बजावून ठेवलं आहे की नुसत्या तोंडी वाटणीवर सहसा विश्वास ठेवता येणार नाही, सरकारी कागदाचा ठोस आधार पाहिजे. पंचांपैकी दोघे वारले होते आणि तिसऱ्याला चहा आठवत होता, वाटणी नाही.

तेव्हा सगळा डोलारा आला हक्कसोडपत्रावर. ताईचं म्हणणं असं : मला पीककर्जाची सही म्हणून नेलं, कागद वाचून दाखवला नाही, भावावर विश्वास ठेवून अंगठा दिला. भाऊंच्या वकिलानं कैफियत दिली ती मी वाचली आहे. झकास उतरली आहे. 'वादी ही सज्ञान व लिहिता-वाचता येणारी आहे. दस्तावर तिची सही आहे. दस्तात राजीखुशीने असे स्पष्ट लिहिले आहे. सही करताना तिने तक्रार केली नाही. आता लाभ दिसू लागल्यावर तिला दबाव आठवला. सबब दावा खर्चासह फेटाळावा.'

ही कैफियत लक्षात ठेवा. दुपारी तीच कामाला येणार आहे.

जालन्याच्या एमआयडीसीत सळईच्या मिला आहेत हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. आपण ज्या घरात बसून हे वाचता त्याच्या स्लॅबमध्ये जालन्याची सळई असण्याची शक्यता चांगली आहे. भाऊ अशाच एका मिलमध्ये होते. भट्टीपाशी मे महिन्यात उभं राहण्याचं वर्णन मी करणार नाही. ज्यानं जालन्याचा मे महिना नुसता रस्त्यावर उभं राहून काढला आहे त्याला ते वाचवणार नाही.

2025 च्या नोव्हेंबरपर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम, 1948 मध्ये पगारी रजेचं एक कलम होतं, एकोणऐंशीवं. ते लिहिणारा माणूस मनानं फार भाबडा असावा. वर्षात 240 दिवस काम भरलं की पुढच्या वर्षी दर वीस दिवसांमागे एक दिवस पगारी रजा. न घेतलेली रजा पुढच्या वर्षात नेता येत असे, पण 30 दिवसांपर्यंतच. रजा हवी असेल तर पंधरा दिवस आधी लेखी अर्ज करायचा, आणि वर्षात तीनपेक्षा जास्त वेळा मागायची नाही. म्हणजे मयतीला जायचं असेल तर मरणाऱ्यानंही पंधरवडाभर आधी कळवलेलं बरं.

त्याच कलमात एक रत्न दडलेलं होतं. कामगारानं रीतसर अर्ज केला आणि रजा नाकारली गेली, तर ती नाकारलेली रजा कितीही साठत असे, तिला 30 ची मर्यादा नव्हती. हे वाचून मला मिलच्या टाइम ऑफिसातल्या बाबूबद्दल आदर वाटू लागला. भाऊ सांगतात, त्यानं आयुष्यात कुणाची रजा नाकारली नाही. तो कधी 'नाही' म्हणालाच नाही. अर्ज घ्यायचा, चष्म्यावरून बघायचा आणि म्हणायचा, "बघू." नाकारलेली रजा साठते, 'बघू' म्हटलेली साठत नाही. एकोणऐंशी कलमाचा इतका सखोल अभ्यास मी उच्च न्यायालयातही पाहिलेला नाही.

पुढे गाडी आली, पैसा आला, भाऊंनी मिल सोडायचं ठरवलं. काम सोडणाऱ्या कामगाराला शिल्लक रजेचा पगार किती दिवसांत द्यावा? कायदा म्हणतो, दुसरा कामाचा दिवस संपायच्या आत. हे मी भाऊंना वाचून दाखवलं तेव्हा ते बराच वेळ हसत होते. मग त्यांनी ते पान मागून घेतलं आणि स्वतः वाचलं. मग हसले नाहीत.

मिलनं त्यांना बोलावलं तो दिवस पगाराचा होता. टेबलावर दोन गोष्टी होत्या : शेवटच्या महिन्याच्या पगाराचं पाकीट आणि एक छापील कागद. 'फुल अँड फायनल'. 'माझा पगार, बोनस, रजेचा पगार व इतर सर्व येणे मला पूर्ण मिळाले असून यापुढे माझा कंपनीवर कसलाही हक्क अगर तक्रार राहिलेली नाही. सदर पावती मी राजीखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय...' भाऊंनी विचारलं, रजेचे पैसे कुठायत? बाबू म्हणाला, बघू. आधी सही, मग पाकीट. भाऊंनी सही केली. पाकीट उघडलं तर त्यात पगारच होता.

तर दुपारी अडीचला कामगार न्यायालयात भाऊंचं म्हणणं असं : कागद वाचून दाखवला नाही, पगार अडकवून ठेवला होता, विश्वासावर सही केली. आणि मिलच्या वकिलाची कैफियत : अर्जदार हा सज्ञान व लिहिता-वाचता येणारा आहे, कागदावर त्याची सही आहे, कागदात राजीखुशीने असे स्पष्ट लिहिले आहे, सही करताना त्याने तक्रार केली नाही, सबब अर्ज खर्चासह फेटाळावा. भाऊंनी ती वाचली आणि संतापून मला म्हणाले, "काय माणसं हैत हो! असं लिहायला यांना लाज कामून वाटत नाही?"

मी सकाळची कैफियत त्यांच्या पिशवीतून काढून शेजारी ठेवली. भाऊंनी दोन्ही वाचल्या. "ती येगळी," ते म्हणाले. "ती घरातली बाब हाय."

न्यायाच्या दृष्टीनं पाहिलं तर दुपारचं पारडं भाऊंकडे थोडं झुकतं. कामगारानं 'सर्व मिळालं' असं लिहून दिलं म्हणून त्याचा कायद्यातला हक्क संपला असं न्यायालयं डोळे मिटून धरत नाहीत. पैसे खरंच दिले का, हे विचारतात. औद्योगिक विवाद अधिनियमाच्या 33-सी (2) कलमाखाली अर्ज करून येणं मोजून घेता येत असे, आणि त्यात आणखी एक सोय होती. मुंबईत घरोघर गॅस पुरवणाऱ्या बॉम्बे गॅस कंपनीच्या कामगारांना 1950 च्या एका निवाड्यानं आठवड्याची पगारी सुट्टी मिळाली होती. काही विभागांतल्या लोकांनी तिचे पैसे बऱ्याच वर्षांनी मागितले. कंपनी म्हणाली, इतकी वर्षं झोपला होता काय? प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांनी निकाल दिला की या अर्जाला मुदतीचं बंधन कायद्यानं घातलेलं नाही, तेव्हा न्यायालयानं आपल्या पदरचं घालू नये. गोपाळ भिवा हे त्या खटल्यातल्या पहिल्या कामगाराचं नाव. कामगार वकिलांच्या तोंडी ते आजही असतं. वारसा इस्टेटीतूनच येतो असं थोडंच आहे.

हे ऐकून भाऊ आनंदले आणि लगेच घाबरले. "हे ताईच्या वकिलाला ठाऊक हाय का?" मी सांगितलं, तिकडे हे चालत नाही. दस्त रद्द करून मागायचा तर फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांत दावा लावावा लागतो. भाऊंनी सुटकेचा श्वास टाकला आणि बोटांवर ताईची तीन वर्षं मोजायला लागले. एकाच दिवशी एकाच माणसाला मुदत हवी असते आणि नकोही असते. याला दुटप्पीपणा म्हणणं सोपं आहे. मी म्हणत नाही, कारण कचेरी रोडवर मला याशिवाय दुसरा माणूस भेटलेला नाही.

या सगळ्यात दाजींची भूमिका आली नाही तर ते रुसतील. दाजी म्हणजे ताईचे यजमान. जिल्हा परिषदेतून वरिष्ठ सहायक म्हणून निवृत्त. जालना जिल्हा झाला 1 मे 1981 ला, महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम आले त्याच वर्षीच्या 15 ऑगस्टला, आणि मुंबई उच्च न्यायालयाचं औरंगाबादचं खंडपीठ सुरू झालं 27 ऑगस्टला. चार महिन्यांत आम्हाला जिल्हा कचेरी, रजा आणि रजेवरून भांडायची जागा अशा तिन्ही गोष्टी मिळाल्या. दाजींची सगळी नोकरी या त्रिकोणात गेली.

सरकारी नोकराला 1 जानेवारीला पंधरा आणि 1 जुलैला पंधरा दिवस अर्जित रजा जमा होते, आणि निवृत्तीच्या वेळी जास्तीत जास्त 300 दिवसांचं रोखीकरण मिळतं. दाजींनी हे नोकरीच्या पहिल्या आठवड्यात वाचलं आणि पुढे तब्येतीनं आजारी पडणं बंद केलं. आठ नैमित्तिक रजांत त्यांनी चार लग्नं, दोन बाळंतपणं आणि एक हर्निया बसवला. घरात पाहुणे आले की ते ऑफिसला जात, आणि पाहुणे गेले की सुट्टीच्या दिवशी थकवा काढत. 300 चा आकडा भरला त्या दिवशी त्यांनी पेढे वाटले. त्यानंतर जमा होणारी रजा वाया जाणार हे कळल्यावर पहिल्यांदा कुटुंबासह राजूरच्या गणपतीला गेले. जालन्याहून राजूर आहे तरी किती लांब! पण दाजी तिथं मुक्कामाला राहिले. नाइलाजानं.

निवृत्त झाल्यावर सेवापुस्तकात मधल्या एका वर्षाचा रजेचा हिशेबच नाही असं निघालं. पान होतं, नोंद नव्हती. ती नोंद घ्यायची जबाबदारी त्या वर्षी कोणाकडे होती? आस्थापना शाखेत तेव्हा दाजीच होते. आपल्याच चुकीबद्दल आपल्यालाच खुलासा मागणारं पत्र त्यांना आलं. त्यांनी त्याला उत्तर दिलं ते इतकं नियमबद्ध होतं की कार्यालयाला ते समजलं नाही, आणि घाबरून बिल मंजूर झालं.

तेव्हापासून दाजी रजेचे अधिकारी पुरुष आहेत. मुंबई उच्च न्यायालयानं 2024 मध्ये विदर्भ कोकण ग्रामीण बँकेच्या राजीनामा दिलेल्या दोघा कर्मचाऱ्यांच्या बाजूनं निकाल दिला, तो त्यांनीच भाऊंना वाचून दाखवला. न्यायालयानं म्हटलं, साठवलेल्या रजेचा मोबदला पगारासारखा आहे, पगार म्हणजे मालमत्ता, आणि कायद्याच्या आधाराशिवाय कुणाची मालमत्ता काढून घेता येत नाही. राज्यघटनेचा अनुच्छेद 300-अ. मेहुण्याविरुद्ध बायकोचा दावा चालू असताना मेहुण्याला त्याच्या दाव्याचा मुद्दा पुरवणं हे फक्त निवृत्त वरिष्ठ सहायकालाच जमू शकतं. नियम तो नियम.

भाऊ विचारात पडले. "म्हंजी दाजी, रजा ही इस्टेटच झाली की. मंग रजेचाबी सातबारा निघंल का?"

दाजी म्हणाले, "निघाला, तर त्यात बहिणीचं नाव लागेल."

त्या दिवशी भाऊ पुढे काही बोलले नाहीत.

ताई या सगळ्यांत शांत आहे. ती तारखेला एसटीनं येते, हातात डबा असतो, त्यात भाकरी, ठेचा आणि भाऊला आवडणारी वांग्याची भाजी. न्यायालयाच्या आवारात झाडाखाली बसून बहीण-भाऊ जेवतात. पहिल्यांदा भाऊंच्या वकिलानं हरकत घेतली : "एकत्र जेवू नका, समेट झाल्यासारखं दिसतं." ताईनं वकिलालाही भाकरी वाढली. त्यानं खाल्ली. युक्तिवादात त्या दिवशी त्याचा आवाज जरा बसका होता, ठेच्यामुळे असेल. जेवता जेवता ताईनं एकदा विचारलं, "भाऊ, तुझ्या मिलवाल्यानं तुला साडी तरी दिली का रं?" भाऊंना ठसका लागला.

लोकअदालतीत दोन्ही प्रकरणं ठेवून पाहिली. मिलचा माणूस रजेचे निम्मे पैसे द्यायला तयार झाला, भाऊ पूर्ण मागत होते. ताई निम्म्यावर तयार होती, भाऊ पाव म्हणत होते. पॅनेलवरच्या बाईंनी दोन्ही कागद पाहिले, चष्मा काढला, पुसला आणि पुढचं प्रकरण बोलावलं.

आता भाऊंच्या मोबदल्याचे पैसे निम्मे गाडीत, निम्मे दाव्यांत गेले आहेत, म्हणून त्यांनी दुसऱ्या मिलमध्ये काम धरलं आहे. परवा संध्याकाळी माझ्याकडे आले, कोरा कागद आणि पेन घेऊन. पुढच्या आठवड्यात दोन्ही न्यायालयांत उलटतपासणी आहे, दिवसभराची रजा पाहिजे, अर्ज लिहून द्या म्हणाले. मी लिहिला. कारण काय लिहू विचारलं, तर म्हणाले, "घरगुती." दुसऱ्या दिवशी अर्ज घेऊन ते तिथल्या टाइम ऑफिसात गेले. तिथला बाबू तरुण होता.

"पगारी रजा? 240 दिवस भरू द्या आधी."

भाऊ आता तयार गडी. म्हणाले, "साहेब, 2020 च्या नव्या कामगार संहितेत 180 हायेत."

"बरं, मंग 180 भरू द्या. तुमचे भरले किती?"

भाऊंचे चौदा भरले होते.